शनिवारचा सिनेमा
(द्वितीय वर्ष, कला)

वृद्धाश्रमात सिनेमा दाखवायचा ही कल्पना माझी नव्हे, हे आधीच सांगून टाकते. ती आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांची. योजनेत नाव घातले की वर्षाला १२० तास काम करावे लागते, आणि तास भरायचे म्हणजे रस्ता झाडणे, रोपे लावणे, रक्तदान शिबिरात बिस्किटे वाटणे यापलीकडे आमची मजल सहसा जात नाही. सरांना या तिन्हींचा कंटाळा आला असावा. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला, तिथल्या पोरांना सिनेमा दाखवायचे सुचत नाही?" मग १९२९ साली 'प्रभात' कंपनी इथेच कशी निघाली, १९३३ साली ती पुण्याला कशी गेली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ मात्र इथेच कसा राहिला, हे सगळे त्यांनी आम्हांला एका दमात ऐकवले. ठरले ते असे : महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, दुपारी तीन वाजता, गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात.

आता माझी गोष्ट अशी, की त्या वृद्धाश्रमात मी सरांच्या कितीतरी आधीपासून जात होते. माझी आई तिथे स्वयंपाकाला आहे. सातवीत असल्यापासून शाळा सुटली की मी मागच्या दाराने तिथे जायची, स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून अभ्यास करायची आणि रात्रीच्या चपात्या झाल्या की आईबरोबर घरी परतायची. वडील उद्यमनगरात फौंड्रीत साचे भरतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. कॉलेज म्हणजे काय असते हे मला घरी कुणी सांगू शकले नाही. मीच रोज संध्याकाळी येऊन ते घरी सांगत असते. आईचे एकच पालुपद असते, पुढच्या बाकावर बसायचे.

त्या इमारतीचे पुढचे दार मी पहिल्यांदा ओलांडले ते छातीवर योजनेचा बिल्ला लावून. कार्यालयात व्यवस्थापकांनी आम्हां सहा जणांना खुर्च्या दिल्या आणि चहा मागवला. तो आईने केलेला आहे हे मला पहिल्या घोटात कळले. गवती चहा ती नेहमीच जरा जास्त घालते. ट्रे घेऊन आल्या त्या तिच्याबरोबर काम करणाऱ्या मावशी. त्या माझ्याकडे पाहून हसल्या, मी उठून त्यांच्या हातातला ट्रे घेतला. व्यवस्थापकांना ते जरा चमत्कारिक वाटले असावे. "बसा, बसा मॅडम," ते म्हणाले. मला मॅडम म्हणणारे माझ्या आयुष्यातले ते पहिलेच गृहस्थ. मागच्या पायरीवर बसणारी मुलगी त्यांनी कधी पाहिली नव्हती, त्यात त्यांचा तरी काय दोष! मी म्हटले, "सर, स्वयंपाकघरात काम करतात त्या माझ्या आई." ते "अरे वा, अरे वा" म्हणाले आणि विषय प्रोजेक्टरकडे वळला.

(जाता जाता एक. तिथे ऐंशी-ऐंशी वर्षांची माणसे माझ्या पंचेचाळीस वर्षांच्या आईला 'मावशी' म्हणतात. स्वयंपाक, झाडलोट करणारी बाई दिसली की आपल्याकडे तिला आपोआप मावशीपण येते, वय विचारले जात नाही. वाचकांनी आपापल्या घरी याचा विचार करून पाहावा.)

सिनेमा दाखवणे म्हणजे चादर बांधून बटण दाबणे असे कुणाला वाटत असेल, तर त्याने एकदा म्हाताऱ्या माणसांना सिनेमा दाखवून पाहावा. कमी ऐकू येते म्हणून आवाज वाढवायचा, हा सरळ हिशेब तिथे चालत नाही. वय झाले की कानाला उंच पट्टीचे, बारीक आवाज आधी ऐकू येईनासे होतात. स, श, त, फ ही अक्षरे पुसट होतात. कुणीतरी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे ते कळत नाही, आणि आवाज वाढवला की वाढतो तो गोंगाट. त्यातून प्रार्थनेचा हॉल म्हणजे खाली फरशी आणि वर पत्रा. एक शब्द दोनदा ऐकू येतो.

यावर उपाय सांगितला तो तिथल्याच एका आजोबांनी. ते १९६२ पासून स्टुडिओत लाइटच्या कामाला होते, आधी हेल्पर आणि पुढे लाइटमन. आमची धडपड ते दाराजवळ काठीवर हनुवटी ठेवून पाहत होते. शेवटी त्यांना राहवले नाही. "पोरी, भिंतीस्नी गोधड्या बांधा. आमच्या टायमाला फ्लोअरवर गोणपाट मारायचे. आणि ते भोंगे पडद्यापाशी कशाला ठेवलायसा? माणसांच्या कानापाशी आणा." आम्ही खोल्याखोल्यांतून गोधड्या आणि चादरी गोळा केल्या, खिडक्यांच्या गजांना बांधल्या, आणि मंडपवाल्याकडून आणलेले दोन स्पीकर खुर्च्यांच्या मधोमध स्टुलांवर ठेवले. फरक इतका पडला, की मागच्या रांगेतल्या एका आजींनी "आता जरा हळू करा, मी काही बहिरी नाही," असे आम्हांला सुनावले.

अंधाराचेही तसेच. थिएटरसारखा पूर्ण काळोख केला की कुणाला उठायचे धाडस होत नाही, आणि उठायचे तर असतेच. म्हणून दाराजवळ एक पिवळा दिवा जळता ठेवायचा. वायर फरशीला पट्टीने चिकटवायची, नाहीतर वॉकर अडकतो. खुर्ची हाताची हवी, म्हणजे उठताना जोर देता येतो. दर चाळीस मिनिटांनी थांबायचे. साखरेची गोळी घेणारे, लघवीला जाणारे, नुसतेच पाय मोकळे करणारे, सर्वांची सोय त्यात होते. हे सगळे सरांनी फळ्यावर लिहून दिले नव्हते. तीन-चार शनिवारांत ते आम्हांला आजी-आजोबांनीच शिकवले.

चित्रपट कोणते दाखवायचे यावर मात्र बरेच रामायण झाले. मिळेल तो चित्रपट आणून चार माणसांत दाखवता येत नाही, त्याला हक्कदाराची परवानगी लागते. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क तो प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे राहतो. तेव्हा १९६४ पर्यंतचे घेतले तर अडचण नाही, असे सरांनी ठरवले. आमच्यापैकी एक-दोघांची तोंडे उतरली, कारण एवढे जुने चित्रपट कोण बघणार! पण हिशेब करून पाहा. आज ज्यांना ऐंशी वर्षे झाली आहेत ते १९५९ साली 'सांगत्ये ऐका' लागला तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे होते. आमच्यासाठी जे जुने, तेच त्यांचे चोरून पाहिलेले, शाळा बुडवून पाहिलेले चित्रपट.

पहिला चित्रपट कार्यालयाने सुचवला, 'संत तुकाराम' (१९३६). उत्तमच चित्रपट. काही जणांनी हात जोडून पाहिला, काही जण शांतपणे झोपले. संपल्यावर एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी मला जवळ बोलावले. त्यांना तिथे सगळे 'बाई' म्हणतात, व्यवस्थापकसुद्धा. त्या म्हणाल्या, "फार चांगला होता. पण बाळ, आम्ही म्हातारे झालो म्हणजे उरलो ते भजनापुरतेच, असे तुमच्या मनात असेल तर ते काढून टाका." पुढच्या खेपेला राजा परांजप्यांचा 'लाखाची गोष्ट' (१९५२) लावला. काय हसली माणसे! विनोद यायच्या आधीच हसायची. पुढे काय होणार हे शेजारच्याला मोठ्याने सांगणे हा तिथे गुन्हा नाही. शेजारच्याला मोतीबिंदू असतो, त्याला ते सांगावेच लागते.

लाइटमन आजोबांची मजा वेगळीच. भालजींचा 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) लावला होता त्या दिवशी ते पहिल्या रांगेत येऊन बसले. जिजाऊसाहेबांच्या कामात सुलोचनाबाई होत्या, सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता आणि हे बघत होते मागच्या भिंतीकडे. एका प्रसंगाला काठी उंचावून मला म्हणाले, "ती सावली बघ. आता थांबली. थांबली का? ते ऊन न्हवं, ते आमी." मचाणावर दिवा धरून उभे राहायचे, तापलेल्या पत्र्याने हात भाजायचे, शॉट संपेपर्यंत हलायचे नाही, असे बरेच काही त्यांनी चहाच्या वेळी सांगितले. मी विचारले, "आजोबा, सुरुवातीला नावे येतात त्यांत तुमचे नाव आहे?" ते हसले. "हेल्परचं कुठलं नाव येतंय!" असे म्हणून त्यांनी बशीतला चहा संपवला.

यानंतरचा 'शेजारी' (१९४१). दोन मित्रांची ती गोष्ट ऐन रंगात आली आणि वीज गेली. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. आम्ही आवराआवर करू लागलो आणि आमच्यातल्या एकाने जाहीर केले, की उरलेला भाग पुढच्या खेपेला दाखवू. त्यावर बाई उभ्या राहिल्या. "आमच्याकडे 'पुढच्या खेपेला' हा शब्द जरा जपून वापरायचा," त्या म्हणाल्या. स्वर रागाचा नव्हता. शाळेत वेळापत्रक सांगावे तशा त्या बोलल्या. कुणी उठले नाही. सव्वासहाला वीज आली, तेव्हा राहिलेला चित्रपट सुरू झाला आणि धरण फुटून तो संपला तेव्हा साडेसात वाजून गेले होते. सगळे खूश झाले. टाळ्याही वाजल्या.

त्या दिवशीचे जेवण दीड तास उशिरा झाले. केलेल्या भाकरी गार झाल्या म्हणून आईने आणि दोन्ही मावशींनी तव्यावर पुन्हा शेकल्या. नेहमीची बस चुकली. आम्ही दोघी घरी पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते आणि वडील दारात उभे होते. रात्री मी डायरी भरायला बसले. 'चित्रपट प्रदर्शन, पाच तास.' पुढच्या रकान्यात सरांची सही होणार होती. आई भांडी पालथी घालीत होती. तिचा दीड तास कुठल्याही रकान्यात नव्हता. तसे पाहिले तर दर शनिवारी मध्यंतराचा जादा चहा होत होताच, त्याचे कपही कुणीतरी विसळीत होतेच.

हे मी सरांना सांगितले. जरा भीत भीतच सांगितले, कारण आमच्या उपक्रमाचे फोटो नोटीसबोर्डावर लागले होते आणि सगळीकडे वाहवा चालली होती. सर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग यात काय करायचे ते तुम्ही ठरवा, आणि तिथल्या माणसांना विचारून ठरवा." बाईंना विचारले. त्यांनी हॉलमध्ये सभाच बोलावली. सभेचे ठराव असे झाले : चित्रपट अडीचला सुरू होईल, शनिवारचा चहा कॉलेजची मुले करतील आणि कपही तीच धुतील, आणि स्वयंपाकघरातल्या तिघींना बसायला खुर्च्या असतील, दाराच्या चौकटीला टेकून कुणी बघायचे नाही. हा शेवटचा ठराव लाइटमन आजोबांचा. माझ्या लक्षात आले नव्हते, पण त्यांच्या आले होते, की आई आणि मावशी आजवरचा प्रत्येक चित्रपट हात पुसत पुसत, दारात उभ्या राहून, तुकड्यातुकड्यांनी पाहत होत्या. चहाचा पहिला प्रयोग कसा झाला ते लिहीत नाही. आमच्या वर्गातली मुले वाचतील.

मग आला 'ऊन पाऊस' (१९५४). निवृत्त शिक्षक, त्याची बायको, आणि मुलांच्या घरी वाटले गेलेले ते दोघे. ज्यांनी 'बागबान' (२००३) पाहिला आहे त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. नाव निघताच व्यवस्थापक म्हणाले, "हा नको. त्यांना त्रास होईल." आमच्यातही दोन तट पडले. मलाही वाटत होते की जखमेवरची खपली कशाला काढायची! शेवटी बाईंनी हात वर करायला लावले आणि मोजले. एकोणीस हात 'हवा' म्हणणारे. एका आजींनी स्पष्ट सांगितले, "मी न्हाई येणार. ते बघायला मला पडदा कशाला पायजे?" त्या दिवशी त्या अंगणात मेथी निवडत बसल्या. त्यांना कुणी आग्रह केला नाही, हे मला फार आवडले.

हॉलमध्ये काय झाले म्हणाल, तर रडलो आम्ही. आमच्यातल्या तिघांचे रुमाल ओले झाले. आजी-आजोबांनी मात्र चित्रपट संपताच खटला उभा केला. एक म्हणाले, मास्तरने सगळे मुलांच्या हाती दिलेच कशाला? दुसऱ्या आजी म्हणाल्या, "आणि सुनांचे काय चुकले? दोन खोल्यांत माणसे कोंबायची किती?" तिसऱ्यांनी राजा परांजप्यांच्या बाजूने जोरदार भाषण केले. एक आजोबा शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. उठताना त्यांनी फक्त विचारले, की बाईंचे काम केले ती सुमती गुप्तेच ना? खात्री झाल्यावर समाधानाने गेले. रात्रीच्या जेवणातही वाद चालूच होता, असे आईने सांगितले. एरवी त्या वेळी ताटांचाच काय तो आवाज असतो.

याच वादातून कुणीतरी 'मोलकरीण' (१९६३) काढला. सुलोचनाबाई ४ जून २०२३ रोजी गेल्या तेव्हा तिथे दोन मिनिटे उभे राहिले होते म्हणे. भालजींच्या तालमीत घडलेली बाई म्हणजे कोल्हापूरकरांच्या घरचीच. शिकून मोठा झालेला मुलगा, आणि त्याच्याच घरी मोलकरीण होऊन राबणारी आई, अशी ती गोष्ट. नाव फळ्यावर लिहिताना माझा खडू थांबला, एवढे खरे. आमच्यातल्या एका मुलीने मला बाजूला घेऊन विचारले, "तुला चालेल ना?" मी म्हटले, आईला विचारते. आईला विचारले तर ती म्हणाली, "सुलोचना हाय न्हवं? मग लावा की."

त्या शनिवारी तिघी दुसऱ्या रांगेत बसल्या. आई आधी बसेना. पीठ मळायचे होते. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवले. मी मागे लॅपटॉपपाशी होते, मला तिची फक्त पाठ आणि अंबाडा दिसत होता. चित्रपट चालू असताना ती एकदाही मागे वळली नाही. पदर डोळ्यांना लावल्याचे दिसले नाही. मावशी मात्र मुळूमुळू रडत होत्या. मध्यंतरात तिला चहा मी नेऊन दिला. तिने घोट घेतला आणि म्हणाली, "गवती चहा कमी झालाय."

बसस्टॉपपर्यंतचा रस्ता अंधाराचा आहे. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोरगं वाईट न्हवतं गं ते. शिकल्यावर घाबरलं, एवढंच."

मी काही बोलले नाही.

थोड्या वेळाने तिने विचारले, "तुझ्याबरची ती पोरं. त्यास्नी ठाऊक हाय का, मी तुझी आई हाय ते?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हटले.

"बरं," ती म्हणाली, आणि पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग बस येईपर्यंत तक्रार करीत राहिली. आम्ही सगळे जुनेपुराणे काळे-पांढरे सिनेमे आणतो, त्यातली माणसे बोलतात जरा नाटकासारखी, आणि चांगला सिनेमा म्हणजे 'माहेरची साडी'. तो १९९१ साली आला. तिच्या गावात जत्रेच्या वेळी व्हिडिओवर लावला होता, सगळी आळी रडत होती, आणि ती तेव्हा अकरा वर्षांची होती म्हणून तिला पुढे बसायला मिळाले होते.

आता दर सत्राच्या सुरुवातीला चित्रपटांसाठी मते घेतली जातात आणि स्वयंपाकघरातल्या तिघींनाही मत आहे. या वेळी 'माहेरची साडी'ला तिघींची आणि आजी मंडळींतली आठ मते पडली. साठ वर्षांच्या हिशेबाने तो चित्रपट मोकळा होणार १ जानेवारी २०५२ रोजी. तेव्हा आई बहात्तर वर्षांची असेल, आणि मत देणाऱ्या आठ आजींचे तर काही सांगता येत नाही. म्हणून सरांनी परवानगीसाठी पत्र लिहिले आहे, मसुदा माझा आहे. उत्तर अजून आलेले नाही. येत्या चौथ्या शनिवारी 'जगाच्या पाठीवर' (१९६०) आहे, अडीच वाजता. चहाला दोन माणसे कमी पडतात. ज्यांचे तास भरायचे राहिले असतील त्यांनी सरांकडे नाव द्यावे.